पाऊस बदलला की मोजणारा हात?

गेल्या दोन महिन्यांत ‘वाचक विचारतात’ या सदरासाठी बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय जवळचा आहे. परिस्थिती बदलते आहे असे आपण म्हणतो, ते शास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ कशाच्या आधारे ठरवतात, असा त्यांचा रोख आहे. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. उत्तरे संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेने दिली आहेत.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या गच्चीवर माझ्या आजोबांनी पर्जन्यमापक बसवला होता. १९५४पासून ते रोज सकाळी पाऊस मोजून वहीत लिहीत. १९८३पासून हे काम माझ्या वडिलांनी पुढे चालवले. आता वह्या माझ्याकडे आहेत. पूर्वीची रिमझिम राहिली नाही असे घरात सगळेच म्हणतात, आणि मी नोंदी मोजल्या तेव्हा पावसाचे दिवस खरोखरच कमी झालेले दिसले. यावरून बडोद्याचा पाऊस बदलला असे म्हणता येईल का? काही पानांच्या प्रती सोबत पाठवत आहे. — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आपण पाठवलेली पाने मी भिंग घेऊन वाचली, आणि आकड्यांच्या आधी माझी नजर अक्षरावर गेली. १९५८च्या जुलैच्या पानावर आपल्या आजोबांचे बारीक, सरळ अक्षर आहे. पाऊस इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, अशा मापात लिहिलेला आहे. ‘३ सेंट’, ‘७ सेंट’ अशा अगदी थोड्या पावसाच्याही नोंदी त्यात आहेत आणि दोन तारखांपुढे ‘शिंतोडे, मापात आले नाहीत’ असा शेरा आहे. १९८६च्या जुलैचे पान आपल्या वडिलांच्या हातचे आहे. तेथे माप मिलिमीटरचे आहे आणि महिन्याभरातील जवळजवळ सर्व आकडे ० किंवा ५ने संपतात. पाऊस पाचाच्या पटीत पडत नसतो. तेव्हा ही गोळाबेरीज मोजणाऱ्या हाताची आहे. दोन मिलिमीटरच्या आतली एकही नोंद त्या पानावर नाही. जुलैसारख्या महिन्यात बडोद्यात एकदाही हलकी सर आली नसेल हे संभवत नाही. ती आली असेल, पण लिहिण्याजोगी वाटली नसेल.

आपल्या वडिलांना उणे लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. संसार आणि नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे रोज सकाळी मापक पाहणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. पण रिमझिम संपली असे जे वहीतून दिसते, त्यात आकाशाचा वाटा किती आणि नोंद करणाऱ्याच्या सवयीचा किती, हे आधी वेगळे केले पाहिजे. बदलाच्या अभ्यासात हे काम सर्वांत कंटाळवाणे आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही तेच आहे.

सुदैवाने येथे एक सोपा उपाय आहे. भारतीय हवामान खाते ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस होतो त्यालाच पावसाचा दिवस मानते. जुन्या मापात हीच मर्यादा १० सेंटची होती. आपण मात्र नोंद असलेला प्रत्येक दिवस मोजला आहे. आता दोन्ही काळांतील १० सेंटच्या, म्हणजेच २.५ मिलिमीटरच्या, खालच्या नोंदी सरसकट वगळा आणि पुन्हा मोजा. वडिलांनी आकडे पाचाच्या पटीत आणले असले तरी मर्यादेच्या वरचा पाऊस बहुतेक वेळा त्यांनी ५ म्हणून लिहिलेला असेल, त्यामुळे तो निसटणार नाही. या नव्या मोजणीतही दिवस कमी भरले, तर आपल्या शंकेला काही आधार आहे असे म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट समासात दडलेली आहे. १९७१च्या पानावर आजोबांनी ‘मापक आजपासून अंगणात’ असे लिहून तारीख घातली आहे. उंच गच्चीवर वारा जास्त असतो आणि वाऱ्याने थेंब तिरपे होऊन मापकाच्या तोंडावरून निघून जातात, त्यामुळे तेथे पाऊस कमी भरतो. अंगणात वारा कमी लागतो, पण भिंत किंवा झाड जवळ असेल तर त्यांचा आडोसा होतो. अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा असा नियम आहे, आणि वाड्याच्या अंगणात तो पाळता येणे अवघड. म्हणजे १९७१च्या पुढचे आकडे मागच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. यावर जलशास्त्रात एक जुनी रीत आहे. जवळच्या एखाद्या केंद्राची वर्षवार नोंद मिळवावी. त्या केंद्राच्या पावसाची वर्षानुवर्षे वाढत जाणारी बेरीज आडव्या अक्षावर आणि आपल्या वहीची तशीच बेरीज उभ्या अक्षावर घ्यावी. पाऊस दोन्हीकडे मिळून कमीजास्त होत असेल तर बिंदू एका सरळ रेषेत चालतात, आणि मापक हलला असेल तर त्या वर्षापाशी रेषेला कोन पडतो. त्या कोनावरून मागच्या नोंदी किती पटीने दुरुस्त करायच्या तेही काढता येते. तारीख लिहून ठेवून आजोबांनी आपले निम्मे काम केले आहे.

मोजमाप न बदलू देण्यासाठी किती जपावे लागते याचा उत्तम नमुना म्हणजे हवाईमधील मौना लोआ येथील कार्बन डायऑक्साइडची नोंद. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८मध्ये ती सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१३ भाग भरले होते, आज ते ४२०च्या वर गेले आहेत. त्या आलेखावर जगाचा विश्वास बसला, कारण ज्ञात प्रमाणाच्या वायूच्या टाक्यांशी उपकरण सतत ताडून पाहिले जात होते. नोव्हेंबर २०२२मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने वेधशाळेचा रस्ता तुटला, तेव्हा मोजणी काही काळ शेजारच्या मौना कीया पर्वतावर हलवली गेली, आणि ती हलवल्याची नोंदही ठेवली गेली.

नोंदी स्वच्छ झाल्या की मग कल शोधायचा. त्याची एक रीत आपण घरी कागदावर करू शकता. समजा पाच वर्षांचा पाऊस अनुक्रमे ८०, ९५, ७०, ९० आणि १०० सेंटीमीटर आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येक वर्षाची त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावली तर दहा जोड्या होतात, आणि त्यांपैकी सातांत पुढचे वर्ष मोठे, तीनांत लहान आहे. सातास तीन म्हटल्यावर पाऊस वाढतो आहे असे कोणालाही वाटेल. पण हेच पाच आकडे १२० निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात, आणि त्यांपैकी २९ क्रमांत वाढत्या जोड्या सात किंवा त्याहून जास्त निघतात. म्हणजे कोणताही कल नसताना, निव्वळ क्रमाच्या योगायोगाने, जवळजवळ चारांतून एकदा इतकी वाढ दिसतेच. एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. मान आणि केंडॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी ती हीच. दर वर्षी बदल किती, हे काढायचे असेल तर प्रत्येक जोडीचा उतार, म्हणजे पावसातला फरक भागिले मध्ये गेलेली वर्षे, काढून त्यांतला मधला घ्यावा. १९६८मध्ये प्रणवकुमार सेन यांनी या रीतीचा पाया भक्कम केला आणि आज जगभरचे हवामान अभ्यासक ती वापरतात. आपल्याकडे सत्तरच्या आसपास वर्षे आहेत, त्यामुळे कल खरोखर असेल तर तो योगायोगातून वर येण्याची शक्यता पुष्कळ आहे.

घरातील मंडळींच्या आठवणीबद्दलही दोन शब्द लिहिते. गुजरातेत छप्पनियाचा दुष्काळ, म्हणजे विक्रम संवत १९५६चा, इसवी सन १८९९-१९००चा, अजून बोलण्यात आहे. त्या आणि आसपासच्या कोरड्या वर्षांनंतर देशाचा पाऊस कायमचा घटला अशी समजूत पसरली होती. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१०मध्ये उपलब्ध नोंदी घेऊन हीच शंका तपासली, आणि कायमच्या बदलाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. वाईट वर्षे आठवणीत मोठी होतात. परंतु यावरून आजची शंकाही तशीच ठरेल असे समजू नये, कारण प्रत्येक काळाची नोंद त्या त्या काळापुरतीच साक्ष देते. शिवाय तुलनेचा पायाही सरकत असतो. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची दीर्घकालीन सरासरी १९५१ ते २००० या वर्षांवरून ८९ सेंटीमीटर होती, १९६१ ते २०१०वरून ८८ आणि १९७१ ते २०२०वरून ८७. आज ज्याला आपण ‘सामान्य’ म्हणतो ते जुन्या हिशेबाने सामान्यापेक्षा किंचित कमीच आहे. म्हणून वहीची तुलना करताना कोणत्या वर्षांची सरासरी घेतली ते ठळकपणे लिहावे आणि मध्येच बदलू नये.

प्रश्न : ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीने ३५ फुटांची पातळी ओलांडली आणि आमच्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी आले. सोसायटीच्या सभेत एका सदस्याने सांगितले की हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, आता आपल्या हयातीत चिंता नाही. हे बरोबर आहे का? — एक वाचक, समा

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज घातक आहे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच आहे. यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षे घरात राहणाऱ्या कुटुंबाला असा किमान एक पूर पाहावा लागण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे जवळजवळ चारांतून एक, आहे.

पण याहून खोल अडचण अशी की या हिशेबाच्या मुळाशी एक गृहीतक आहे: प्रत्येक वर्षाची चिठ्ठी एकाच हंडीतून निघते आणि हंडीतल्या चिठ्ठ्या बदलत नाहीत. संख्याशास्त्रात याला स्थायी परिस्थिती म्हणतात. २००८मध्ये पॉल मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले की हवामान बदलत असताना धरणे, कालवे आणि पूरनियंत्रण यांची आखणी या गृहीतकावर करणे आता चालणार नाही.

हंडी बदलल्याचे ओळखायचे कसे, याचे सर्वांत शिकवण्याजोगे उदाहरण नाईल नदीचे आहे. आस्वान येथे मोजलेल्या तिच्या वार्षिक प्रवाहाचे १८७१ ते १९७० या शंभर वर्षांचे आकडे मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर मांडले आहेत. नुसते पाहिले तर वर-खाली होणारी रेघ दिसते, त्यात काही उमगत नाही. मग शंभर वर्षांची सरासरी, सुमारे ९२ अब्ज घनमीटर, काढायची आणि प्रत्येक वर्षाचा तिच्याहून कमीजास्तपणा खातेवहीतील जमाखर्चाप्रमाणे शिलकेत मिळवत जायचे. शिल्लक अधूनमधून थोडी घटली तरी १८९८पर्यंत चढत जाते, शिखर गाठते आणि तेथून उतरू लागते. ते शिखर म्हणजेच बदलाची जागा. त्याआधीची सरासरी ११० अब्ज घनमीटरच्या आसपास, नंतरची ८५च्या आसपास. १८९९ या एका वर्षी तर प्रवाह ७७ अब्जांवर आला होता, आणि ते आपल्याकडच्या छप्पनियाचेच वर्ष आहे. हा योगायोग नाही. ईशान्य आफ्रिकेच्या डोंगरांवरचा आणि आपला पाऊस एकाच मोठ्या वायुचक्राशी बांधलेला आहे. अशाच संचित बेरजेच्या रीतीला १९५४मध्ये ई. एस. पेज यांनी कारखान्यातील मालाच्या तपासणीसाठी नियमबद्ध रूप दिले, आणि नंतर ती नद्यांपासून रुग्णालयांपर्यंत सगळीकडे पोचली.

मात्र बदल सापडला म्हणजे कारण सापडले असे नाही. आस्वानच्या पहिल्या धरणाचे बांधकामही १८९९मध्येच सुरू झाले होते. धरणामुळे मोजणीत फरक पडला की मुळात पाणीच कमी आले, हे नाईलच्या एकट्या आलेखावरून कळणार नाही. उष्ण कटिबंधातील इतर ठिकाणच्या पावसाच्या नोंदी त्याच सुमारास उतरलेल्या दिसल्या, तेव्हा पाणीच कमी आले या बाजूचे वजन वाढले.

याच्या उलट कथा आपल्याच देशातली आहे. १९२६मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे तळ काही फुटांनी उंचावले असून बांध तितके वाढवावेत, असे अभियंत्यांच्या समितीचे मत होते. हे काम संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याकडे तपासणीसाठी गेले. त्यांनी सुमारे साठ वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी उलगडल्या आणि दाखवून दिले की तळात तसा लक्षणीय बदल झालेला नाही. नदीच्या वरच्या खोऱ्यात त्या वर्षी असाधारण पाऊस झाला, एवढेच घडले होते. परिस्थिती बदलली आहे असे मानून केलेला खर्च तेथे वाया गेला असता. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण बदल नाही हे सिद्ध करायलाही बदल सिद्ध करण्याइतकेच कष्ट पडतात आणि त्याचे कौतुक फारसे होत नाही.

आता आपली विश्वामित्री. पावागडाच्या बाजूने निघणारी ही नदी शहराच्या मधोमध वळणे घेत जाते, आणि आजव्याच्या तलावाचे पाणीही तिच्यातच येते. तिची पातळी तीन गोष्टींवर ठरते: खोऱ्यात किती पाऊस झाला, त्यातला किती जमिनीत न मुरता वाहून आला, आणि पात्रातून किती झपाट्याने पुढे गेला. तिन्ही वेगवेगळ्या नोंदी आहेत. पावसाची हंडी बदलली नाही असे घटकाभर धरले, तरी शेते आणि कोतरे (नदीकाठच्या घळी) यांच्या जागी डांबर आणि काँक्रीट आले, पात्राच्या काठावर भराव पडले, की तेवढाच पाऊस जास्त फूट पाणी चढवतो. तेव्हा १९७०च्या पातळीची आजच्या पातळीशी तुलना करून ‘पाऊस वाढला’ म्हणणेही चूक, आणि जुन्या पातळ्यांवरून ‘शंभर वर्षे’ काढणेही चूक. पुढच्या सभेत त्या सदस्यांना इतकेच विचारावे की शंभर हा आकडा कोणत्या वर्षांच्या नोंदीवरून काढला, आणि त्या सर्व वर्षांत नदीचे पात्र आजच्यासारखे होते का. तळमजल्यावरचे विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप मात्र सभेची वाट न पाहता वर घ्यावेत.

प्रश्न : बाई, मी येथे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. प्रकल्पासाठी मी शहरातील वाहनांची संख्या आणि कमाल तापमान यांची पंचवीस वर्षांची माहिती घेतली. सहसंबंध गुणक ०.९च्या वर आला. मार्गदर्शक म्हणाले की हे ग्राह्य धरता येणार नाही. का? — एक विद्यार्थिनी, प्रतापगंज

उत्तर : तुझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तू ज्या खड्ड्यात पडलीस त्यात फार मोठी माणसेही पडली आहेत, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. १९२६मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उड्नी यूल यांनी हीच गोष्ट राजरोस मांडली. इंग्लंडमध्ये एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा १८६६ ते १९११ या काळातला सहसंबंध ०.९५ निघतो, असे त्यांनी दाखवले (दोन गोष्टी अगदी बरोबरीने चालल्या तर हा गुणक १ येतो). चर्चमध्ये लग्ने लागल्याने माणसे मरतात असे कोणीही म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी त्या काळात सावकाश उतरत होत्या, एवढेच त्यांच्यात समान होते. यूल यांनी अशा सहसंबंधांना निरर्थक असे स्पष्ट नाव दिले.

गोम अशी की गुणकाचे नेहमीचे कोष्टक प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र आहे असे मानते. तुझी पंचवीस वर्षे पंचवीस स्वतंत्र साक्षीदार नाहीत. यंदाची वाहने म्हणजे गेल्या वर्षीची वाहने आणि त्यांत पडलेली थोडी भर. एकच साक्षीदार पंचवीस वेळा जवळजवळ तेच सांगतो आहे. अंगणातल्या कडुनिंबाची उंची आणि घरातल्या मुलाची उंची दर वाढदिवसाला मोजली तरी गुणक असाच येईल. क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४मध्ये दाखवले की एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या, पण आपापल्या मागच्या पायरीवरून भटकत जाणाऱ्या दोन श्रेणींतही नेहमीची कसोटी वारंवार ‘संबंध आहे’ असा कौल देते.

आता असे कर. मूळ आकड्यांऐवजी दर वर्षाचा मागील वर्षापासूनचा फरक घे. ज्या वर्षी वाहने नेहमीपेक्षा जास्त वाढली, त्या वर्षी तापमानही नेहमीपेक्षा जास्त वाढले का, हा खरा प्रश्न आहे. गुणक बहुधा कोसळेल. तो कोसळला तर प्रकल्प फसला असे समजू नकोस. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख शेजारीशेजारी छाप आणि त्यावरच लिही. परीक्षक म्हणून मी अशा प्रकल्पाला मन:पूर्वक गुण दिले असते. तापमानाची नोंद कोणत्या केंद्राची आहे आणि ते या पंचवीस वर्षांत हलले होते का, तेही पाहा. वरच्या वहीची गोष्ट तुलाही लागू आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेत आम्ही मुलांना शिकवतो की एक गोष्ट बदला आणि बाकीच्या स्थिर ठेवा. निसर्गात काहीच स्थिर ठेवता येत नाही, मग तेथे बदलत्या परिस्थितीचा परिणाम शिकणार कसा? — विज्ञान शिक्षक, राजमहाल रोड

उत्तर : निसर्ग कधीकधी स्वतःच प्रयोग मांडतो, आणि तेव्हा माणसे आधीपासून मोजत बसलेली असावी लागतात. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३पासून गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंच पक्ष्यांना पकडून, पायात कडी घालून, चोचीची जाडी मोजून सोडून देत होते. १९७७मध्ये पाऊस जवळजवळ झालाच नाही. मऊ, बारीक बिया संपल्या आणि मोठ्या, टणक उरल्या. मध्यम फिंचांची संख्या सुमारे १२०० होती ती १८०च्या आसपास आली; जे जगले त्यांच्या चोची सरासरीने जाड होत्या, आणि त्यांच्या पिल्लांच्याही. १९८३मध्ये एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, बेटावर धो धो पाऊस झाला, बारीक बियांचे रान माजले आणि त्यानंतर पारडे उलटून लहान चोचींच्या पक्ष्यांची सरशी झाली.

ग्रँट दांपत्याने पाऊस थांबवला नव्हता. त्यांनी मोजण्याची रीत, बेट आणि पक्ष्यांची ओळख या तीन गोष्टी वर्षानुवर्षे तशाच ठेवल्या. आपल्या वर्गासाठी म्हणाल, तर शाळेच्या आवारातील एका झाडाला पहिले फूल कोणत्या तारखेला आले हे दर वर्षी एकाच फळ्यावर लिहायला लावा. झाड तेच हवे.

प्रश्न : पादरा तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, कापूस आणि तूर घेतो. एल निनो आहे म्हटले की दुष्काळ पडणार असे गृहीत धरून मी दोनदा पेरणी आखडती घेतली आणि दोन्ही वेळा पाऊस बरा झाला. हा नियम आता चालत नाही का? — एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आपले नुकसान झाले याचे वाईट वाटते. नियम पूर्णपणे मोडलेला नाही, पण तो कधीच तुम्ही समजलात तितका पक्का नव्हता. वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉन्सूनचे भाकीत करण्यासाठी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जमवले, तेव्हा पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यामधली झोक्यासारखी हेलकावे खाणारी दाबाची हालचाल त्यांना सापडली. तिलाच पुढे एल निनोशी जोडले गेले. पण १९९७मध्ये शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक असताना देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला, आणि २००२मध्ये मध्यम एल निनो असताना तो ८१ टक्क्यांवर घसरला. एल निनोच्याच २०१५मध्ये तो ८६ टक्के होता, २०२३मध्ये ९४.

१९९९मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील के. कृष्णकुमार आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींवर सुमारे दोन दशकांची खिडकी एकेक वर्ष पुढे सरकवत प्रत्येक खिडकीतला एल निनो आणि मॉन्सूनचा पाऊस यांचा सहसंबंध काढला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तो क्षीण झाल्याचे दाखवले. यात मला अभ्यासाचा एक पुढचा टप्पा दिसतो: सरासरी बदलली का, एवढाच प्रश्न नाही, दोन गोष्टींमधले नातेच बदलले का, हाही प्रश्न आहे. मात्र येथेही सावध राहावे लागते. खरे नाते जरासुद्धा बदललेले नसले तरी वीस-एकवीस वर्षांच्या खिडकीतला गुणक योगायोगाने वरखाली होतच राहतो, हे २००१मध्ये इतर संशोधकांनी दाखवून दिले. त्यामुळे नाते खरोखर सैल झाले की नोंद अपुरी आहे, यावर तज्ज्ञांमध्ये अजून पुरते एकमत नाही.

भाकीत करणाऱ्यांनाही याचा फटका बसला आहे. वसंतराव गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी बांधलेले सोळा घटकांचे प्रारूप १९८८पासून वापरात होते आणि बरीच वर्षे त्याने साथ दिली. २००२मध्ये त्यावरून १०१ टक्के पावसाचे भाकीत झाले, प्रत्यक्षात वर लिहिल्याप्रमाणे ८१ टक्के झाला. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने घटक नव्याने तपासून नवी प्रारूपे आणली. जुन्या नात्यांवर बांधलेले प्रारूप त्या नात्यांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून ते ठराविक काळाने तपासावेच लागते.

आपल्या पेरणीसाठी म्हणाल, तर एल निनोच्या निम्म्याहून अधिक वर्षांत देशाचा पाऊस सरासरीपेक्षा कमी राहिला आहे, तेव्हा सावधपणा ठेवावा. पण तो आकडा संपूर्ण देशाचा आहे, पादऱ्याचा नाही. सप्टेंबर २०२३मध्ये एल निनो चालू असतानाच नर्मदेला पूर येऊन चांदोदपासून भरूचपर्यंतचा काठ पाण्याखाली गेला होता. मोसमाच्या आधीच्या एका बातमीवर सगळी जमीन ठरवण्याऐवजी, जूनमधील प्रत्यक्ष पाऊस आणि जिल्ह्याचा आठवड्याचा अंदाज पाहून दोन टप्प्यांत पेरणी करावी, आणि तुरीसारखे ताण सोसणारे पीक कापसाच्या जोडीला ठेवावेच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील आपल्या शेताच्या पेरणीच्या तारखा आणि पिकाचा उतारा कोठे लिहिलेला असेल तर मला अवश्य पाठवा. पादऱ्यात एल निनोच्या वर्षी काय होते, ते आपण दोघे मिळून त्या नोंदीवरून काढून पाहू.